चार बोटांची फट

पार्कातली जुन्या मोटारींची राईड काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा मला बोलावणं आलं. दुरुस्तीसाठी नाही. सहा गाड्या होत्या, त्यांच्या चेसिस कापून भंगाराच्या टेंपोत भरायच्या होत्या, आणि त्यासाठी गॅसकटर चालवणारा माणूस पाहिजे होता. चौक गावच्या नाक्यावर कोणीतरी सांगितलं, त्या म्हाताऱ्याला विचारा, तो हल्ली बसूनच असतो.

बसून होतो हे खरं. मागच्या थंडीत बायको गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी ती नाही. त्यानंतर मी गॅरेज भाच्याच्या ताब्यात दिलं आणि घराच्या पायरीवर बसायला लागलो. लोक सांगायचे, दिवस जातील तसं कमी होईल. मला काही कमी झालेलं दिसत नाही. चौथीपर्यंत शाळा आहे माझी, गोड शब्द जुळवता येत नाहीत, म्हणून जे आहे ते सरळ लिहितो.

पार्कात गेलो. ती राईड चालवणारी बाई मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेली. डोंगराखालच्या ठाकरवाडीतली, चाळिशीची, साडीवर पार्काचा निळा शर्ट चढवलेला. पंधरा वर्षं ती हीच राईड सांभाळते. तिनं ताडपत्री ओढली. लांब नाकाच्या, उघड्या टपाच्या, गोल दिव्यांच्या, मागं स्टेपनी लावलेल्या गाड्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या, पण दोनच माणसं बसतील एवढ्या. अंग फायबरचं, खाली लोखंडी चेसिस, सीटखाली बॅटरीवर चालणारी मोटर. रंगाचे पापुद्रे सुटले होते. एकीचा दिवा फुटलेला, एकीच्या बोनेटात उंदरांनी संसार मांडलेला.

"ह्याच कापायच्या काय?" मी विचारलं.

"ह्याच. सगळ्या."

"मी नाय कापणार."

"मग आलात कशाला, बाबा? चहा प्यायला?"

ह्याचं उत्तर तिला तेव्हा दिलं नाही. इथं देतो.

वीसेक वर्षांपूर्वी पार्काच्या मागच्या फाटकाचं वेल्डिंग मी केलं होतं. काम आवडलं म्हणून दोन पास मिळाले. बायकोला घेऊन आलो. ती उंच पाळण्यात बसेना, पाण्यात उतरेना. ह्या मोटारींपाशी मात्र थांबली. लाल गाडी होती. ती स्टेअरिंगकडं बसली, मी शेजारी. आयुष्यभर ट्रकमध्ये, जीपमध्ये माझ्या बाजूला बसलेली बाई, चाक कधी हातात धरलं नव्हतं. खालचा ओठ दातात धरून तिनं ती गाडी पुरी फेरी चालवली. डावीकडं ठोक, उजवीकडं ठोक, पुलावरनं, बोगद्यातनं. उतरली तेव्हा कपाळ घामानं भिजलं होतं.

"बघितलंत?" म्हणाली. "वळणावर दाबून धरली म्हणून, नायतर गेली व्हती खड्ड्यात."

मी गॅरेजवाला. मी म्हणालो, "अगं, खाली मधोमध लोखंडाची पट्टी हाय. गाडी तिला धरून जाते. तुझ्या जागी दगड ठेवला असता तरी फिरून आली असती."

परत जाताना शिळफाटा येईपर्यंत ती बोलली नाही. पुढं गावात कोणाला सांगायला लागली की मी मोटार चालवली, की मी मधेच पट्टीचं सांगायचो. दहा वेळा तरी सांगितलं असेल. मग तिनं तो विषय काढणंच सोडलं. आता ती नाही, आणि दवाखान्यातल्या तीन दिवसांपेक्षा मला हे जास्त आठवतं. म्हणून त्या गाड्या कापायला माझा हात उठणार नव्हता. त्या चालत्या राहाव्यात, एवढंच मला पाहिजे होतं.

पार्काची देखभाल बघणारी इंजिनिअर मॅडम माझ्या भाच्याच्या वयाची होती. तिला म्हणालो, "एक गाडी पंधरा दिवस माझ्या हातात द्या. बघा आणि मग काय ते ठरवा."

"काका, फायबरचं काम केलंय कधी?"

"बसची तोंडं केलीत. ट्रकच्या टपावरचे वारा कापायचे पंखे केलेत. मॅडम, हायवेवर ज्याचं तोंड फुटतं ते माझ्याकडं येतं."

ती हसली, पण मुद्दा सोडणारी नव्हती. "रंगाचं सोडा. ह्या गाड्या हिसके देतात. मुलं आदळतात, एकाचा ओठ फुटला होता. तो हिसका गेला पाहिजे. आणि नुसता जाऊन चालणार नाही, गाडीत मुलं बसलीसुद्धा पाहिजेत. हल्ली कोणी रांग लावत नाही. वरचे लोक तेच बघतात." मग ठरलं. गाडी तयार झाली की जवळच्या गावातल्या शाळेची मुलं बोलवायची. त्यांना आवडली तर सहाही दुरुस्त करायच्या. नाही आवडली तर सहाही कापायच्या, आणि कापायच्या मीच.

"कबूल," मी म्हणालो. मला शंका नव्हती. माझ्या हातची गाडी खडखडत नाही. ही फुशारकी नाही, चाळीस वर्षं पाहिलेलं सांगतो.

पहिली गाडी निवडताना मी जरा चोरटेपणा केला. तीन नंबरच्या दाराशी निळ्या रंगाचा टवका उडाला होता आणि आत लाल दिसत होतं. म्हटलं, हीच. तीच घेतली. पॉलिश पेपरनं घासायला लागलो तर निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा, आणि तळाला लाल. बरं वाटलं. मग दुपारी सहज पाच नंबरचा कोपरा घासला. तिथंही तळाला लाल. एक नंबरला लाल. सहाही गाड्या सुरुवातीला लालच होत्या. तिची कोणती हे कळायची सोय राहिली नाही. बाई बाजूला उभी राहून बघत होती.

"काय शोधताय, बाबा? खजिना?"

"रंग बघतोय."

"रंग लाल व्हता. मला विचारायचं. उगाच हात झिजवले."

अंगाचं काम माझ्या हातातलं होतं. तडे उघडले, आतून फायबरची जाळी चढवली, वर पुट्टी, मग घासणं. पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरची एक रीत आहे. घासून झालं की डोळे मिटायचे आणि तळहात फिरवायचा. डोळा फसतो, तळहात फसत नाही. मी डोळे मिटून त्या बोनेटवरून हात फिरवला, तेव्हा माझं मन सहा महिन्यांत पहिल्यांदा जागेवर होतं. लाल रंग मारला. दिव्यांच्या कडा पितळी पॉलिशनं घासल्या.

मग खालचं काम. रस्त्याच्या मधोमध वीतभर उंचीची लोखंडी पट्टी सगळ्या फेरीभर जाते. गाडीच्या पोटाला दोन रोलर असतात, एक पट्टीच्या डाव्या अंगाला, एक उजव्या. रोलर आणि पट्टी यांच्यात फट असते. पोरानं चाक फिरवलं की गाडी तेवढी फट सरकते, रोलर पट्टीला ठोकतो आणि गाडी परत येते. वर्षानुवर्षं रोलरमधले बुश झिजून ती फट वीतभर झाली होती. एवढ्या लांबून येऊन ठोकली तर ओठ फुटणारच.

आता माझ्या धंद्यात हे पहिलं शिकवतात. स्टेअरिंग ढिलं असलं की ड्रायव्हर मेला. खंडाळ्याचा घाट उतरून आलेला ट्रक माझ्याकडं यायचा, तेव्हा मी आधी चाक धरून हलवायचो. बोटभर ढील निघाली तरी सोडायचो नाही. ढील काढणं हीच माझी ओळख. म्हणून मी नवे बुश बसवले, रोलर धरणारे काटे आत घेतले आणि दोन्ही रोलर पट्टीला असे टेकवले की मधून कागद जाणार नाही.

बाई पट्टीशेजारी उकिडवी बसून बघत होती. "बाबा, एवढं आवळू नका."

"तुला राईड चालवता येते, बाय. गाडी मला कळते."

"तसं म्हणता, तर तसं," ती म्हणाली आणि फेरीच्या कडेचा पाला झाडायला निघून गेली.

शाळेची मुलं यायच्या आधी मी मॅडमला एक खेळ करून दाखवला. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला गाडीच्या बोनेटवर ठेवला आणि गाडी सोडली. पुलावरून गेली, बोगद्यातून आली, उभी राहिली. पेल्यातलं पाणी सांडलं नाही. मॅडमनं वाकून पेला बघितला, बोनेटवरून हात फिरवला. "काका, मानलं." मी बाईकडं बघितलं. ती पेल्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

मुलं आली. पहिली एक पोरगी बसली, दोन वेण्यांची. तिनं दोन्ही हातांनी चाक धरलं. गाडी निघाली. पहिल्या वळणावर चाक आपोआप फिरलं, तिच्या हाताखालून. तिनं उलटं फिरवून बघितलं, ते फिरेना. दुसऱ्या वळणावर तिनं हात सोडले. उरलेली फेरी हात मांडीवर ठेवून बसून आली, देवळात बसावं तशी. उतरल्यावर तिच्या शाळेतल्या बाईंनी विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "चांगली हाय. पण मी काय करायचं हिच्यात?"

दुसरा बसला, तिसरा बसला. तेच. चौथा तर मागं वळून स्टेपनीच बघत होता. दुसऱ्यांदा बसायला कोणी आलं नाही. थोड्या वेळानं सगळी पोरं तळ्याकाठी बेडूक बघायला गेली. पार्कात एवढ्या राईडी, आणि पोरं बेडूक बघत होती.

मॅडम वाईट बोलली नाही. वाईट बोलली असती तर मी भांडलो असतो. "काका, काम एक नंबर झालंय," ती म्हणाली. "पण मुलं बसली नाहीत, हे मी वर काय सांगू? आठ दिवस देते. शाळेला परत विनंती करते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

ती गेली. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. बाईनं केराची टोपली खाली ठेवली.

"मी सांगत होते," ती म्हणाली.

"काय सांगत होतीस? आवळू नका म्हणालीस. का आवळू नका, ते बोलली नाहीस."

"तुमी कुठं विचारलंत?"

ते खरं होतं. मी विचारलं नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी बायकांना गाडीतलं काही विचारलं नव्हतं. तिथं बसून मी तिला बायकोचं सांगितलं. लाल गाडी, ओठ दातात, खड्डा, आणि मी काय बोललो ते. लपवलं नाही. दगड ठेवला असता तरी फिरून आली असती, हे शब्द तसेच सांगितले. आणि म्हणालो, "तेव्हा ते खोटं होतं, बाय. आता मी ते खरं करून ठेवलंय. आता खरंच दगड ठेवला तरी फरक नाय."

तिनं मला धीर वगैरे दिला नाही. आधी हसलीच.

"बाबा, पट्टी दिसते की. फाटकातनं आत आलं की समोर दिसते ती, एवढी उंच. तुमच्या बायकोला काय डोळे नव्हते?"

मी वळून पट्टीकडं बघितलं.

"तिला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक असतं. पोरांना पण. पट्टी हाय म्हणून तर भ्या नाय वाटत. पण मधी जेवढी जागा हाय तेवढी आपली असते. तिच्यात डावीकडं न्या, उजवीकडं न्या. बायका लय बसतात ह्यात, तुमाला काय सांगू. पोराचं नाव करून येतात, पोराला बाजूला बसवतात आणि चाक सोडत नायत. मी त्यांची फेरी जरा हळू सोडते."

वीस वर्षं मी समजत होतो की मी तिला माहीत नसलेलं सांगितलं. तिला माहीत होतं. पट्टी बघूनच ती बसली होती. मी सांगितलं ते तिला कळलेलं होतं, आणि ती म्हणत होती ते मला कळलं नव्हतं. बाईनं टोपली उचलली, कचरा टाकून परत आली, तरी मी तिथंच.

मग उठलो. रडून गाडी दुरुस्त होत नाही.

"किती फट होती?" मी विचारलं. "नव्या होत्या तेव्हा?"

"नव्या तर मी बघितल्या नाय. पण मी लागले तवा माझी चार बोटं जायची, आडवी. रोज सकाळी घालून बघायचे. पाचवं बोट जायला लागलं की सांगायचे साहेबांना, बुश बदला. मग ते साहेब गेले, नवे आले. त्यांनी कधी ऐकलं नाय."

"चार बोटं. ठीक."

मी माझी चार बोटं घातली आणि काटे बाहेर घ्यायला लागलो. तिनं माझा हात बाजूला केला. "तुमची नाय. तुमची केळी हायत. माझी."

तिच्या चार बोटांएवढी लाकडाची फळी मी रंधून घेतली आणि ती मधे धरून दोन्ही रोलर बसवले. ठोकर तर बसली पाहिजे, पण ओठ फुटता कामा नये. त्यासाठी ट्रकच्या मागच्या चाकाला चिखल उडू नये म्हणून जाड रबर लटकवतात, ते मला चौकात हवं तेवढं मिळतं. त्याच्या चकत्या कापून रोलरवर चढवल्या. स्टेअरिंगची ढील मात्र काढूनच टाकली, ती खरी ढील होती. चाक फिरवलं की गाडी त्याच क्षणी सरकली पाहिजे. फट पट्टीपाशी ठेवायची, हातापाशी नाही. हे कुठल्या पुस्तकात असेल तर मला माहीत नाही, मला ते त्या दिवशी कळलं.

दर वेळी जोडून झालं की बाई बसायची, एक फेरी मारायची आणि सांगायची. "अजून टणक लागते." चकती पातळ केली. "आता मऊ झाली, उशीवर आपटल्यावानी." परत जाड केली. पाचव्या फेरीला ती उतरलीच नाही, न विचारता अजून एक फेरी मारून आली. मी समजलो.

आठ दिवसांनी तीच मुलं आली. दोन वेण्यांची पोरगी मागं उभी राहिली, तिला हौस नव्हती. एक पोरगा बसला. पहिल्याच वळणावर ठोक, मग दुसऱ्या बाजूला ठोक. पुलावर त्यानं गाडी अगदी मधून नेली, एकदाही न ठोकता, आणि तिथून ओरडून सांगितलं, "लागली नाय, लागली नाय." बस्स. खालच्या सगळ्यांना कळलं काय करायचं ते. न ठोकता फेरी पुरी करायची. कोणाला जमेना. उतरला की पळत रांगेच्या टोकाला. दोन वेण्यांची पोरगी तीनदा बसली आणि तिसऱ्यांदा बाईशी भांडली, की माझ्या वेळी गाडी मुद्दाम जोरात सोडली.

"सगळ्यांना सारखीच सोडते मी," बाई म्हणाली. "तुलाच धरता येत नाय."

"येतं. परत सोडा, दाखवते."

शेवटी मॅडम स्वतः बसली. मॅडमला चारचाकीचं लायसन आहे, मुंबई-पुणे रस्त्यावर रोज चालवते. बोगद्याच्या आधी दोन, नंतर चार ठोकरा. उतरून म्हणाली, "काका, वळणावर गाडी डावीकडे ओढतेय."

"गाडी नाय ओढत, मॅडम. तुमी ओढताय."

तिनं परत एक फेरी मारली. उतरून केस नीट केले आणि म्हणाली, "सहाही करा. वर मी बोलते."

तिथं मी गप्प बसलो असतो तर सहाही झाल्या असत्या. पण बाकीच्या पाच मी आदल्या दिवशीच जॅकवर घेऊन हातोडीनं वाजवून बघितल्या होत्या. चार चेसिस खणखणीत वाजल्या. पाच नंबरची बद्द वाजली. मागच्या बाजूला पाणी साठून लोखंड आतून खाल्लेलं होतं. वरून रंग मारलेला, म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. पेचकस टेकवला तर आत गेला.

"सहा नाय, पाच," मी म्हणालो. "पाच नंबर मेलेली हाय."

मॅडमनं वाकून बघितलं. "पट्ट्या मारून नाही होणार?"

"मारता येतील. वर्षभर टिकतील पण. मग एक दिवस वळणावर मोडेल. माझ्या भाच्याचं पोर असतं तर मी बसवलं नसतं. दुसऱ्याचं का बसवू?"

ती बरं म्हणाली आणि फोनवर बोलत निघून गेली. बाई तिथंच उभी होती. तिनं हळू विचारलं, "बाबा, तुमच्या बायकोची तीच असली तर?"

"असली तर असली," मी म्हणालो. "हिच्यात बसून कोणी पडलं असतं, तर तिनं मला घरात घेतलं नसतं."

पाच नंबर मी स्वतः कापली, भल्या सकाळी, शेडच्या बाहेर. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आधी तिचे दिवे, चाकं, रोलर, मोटर, सीट सगळं काढून ओळीनं मांडलं, इतर चौघींना लागेल ते लागेल. मग कटर पेटवला. सडलेलं लोखंड कापायला वेळ लागत नाही. तुकडे टेंपोत भरले, हात धुतले, बाईनं आणलेला चहा उभ्या उभ्या प्यालो.

"रडताय काय?" तिनं विचारलं.

"धूर गेला डोळ्यात."

"गॉगल घातला व्हता की तुमी."

"मग रडतोय," मी म्हणालो. "जॅक आण. दोन नंबर वर घेऊ."